रूफरला सुतार दाखवून वर्कर्स कॉम्पचा प्रीमियम वाचतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात घरदुरुस्ती आणि छपरांची कामं करणारी दहा माणसांची कंपनी आहे. वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराला उपचार आणि भरपाई देणाऱ्या विम्याचा, प्रीमियम डोईजड झालाय. कुणीतरी सल्ला दिला, की छपरावर चढणाऱ्या चौघांना कपाटं बसवणारे सुतार दाखवा, एकाला ऑफिसात दाखवा आणि उरलेल्यांना १०९९वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून पैसे द्या. सगळेच असं करतात, तर यात धोका कितपत?

सरळ उत्तर: हा विम्याच्या प्रीमियमचा फौजदारी घोटाळा आहे. तो बहुधा पहिल्या मोठ्या अपघातात किंवा ऑडिटमध्ये उघडा पडतो, आणि तोवर त्याची किंमत छपरावरचा माणूस मोजत असतो. पण नुसतं ‘करू नका’ म्हणून तुमचा प्रीमियम कमी होणार नाही. म्हणून आधी हिशेब कसा चालतो ते सांगतो, मग पैसे कायदेशीरपणे कुठे वाचतात ते.

प्रीमियमचं गणित सोपं आहे. दर १०० डॉलर पगारामागे त्या कामाच्या क्लास कोडचा (धोक्यानुसार पाडलेल्या वर्गाच्या क्रमांकाचा) दर, गुणिले तुमचा एक्स्पीरियन्स मॉड, म्हणजे तुमच्या मागच्या क्लेमवरून ठरणारा गुणक. बहुतेक राज्यांत हे कोड एनसीसीआय ही संस्था ठरवते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांची स्वतःची रेटिंग ब्युरो आहेत. कॅलिफोर्नियाच्या ब्युरोचं नाव डब्ल्यूसीआयआरबी. वॉशिंग्टन, ओहायो, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटात खासगी कंपनीचा विमा चालत नाही, तो सरकारी फंडाकडूनच घ्यावा लागतो. टेक्सासमध्ये खासगी मालकावर हा विमा घेण्याची सक्तीच नाही. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव जसाच्या तसा उचलू नका.

एनसीसीआयच्या यादीत छपराचं काम ५५५१, एक-दोन कुटुंबांच्या घराची सुतारकी ५६४५, कपाटं आणि आतली लाकडी पट्टीकामं ५४३७, ऑफिसातले कारकून ८८१०. या कोडांच्या दरांत प्रचंड तफावत असते, कारण छपरावरून पडणं आणि खुर्चीवरून उठणं यांत तेवढाच फरक आहे. गणितासाठी मी ढोबळ दर धरतो: छप्पर ३० डॉलर, कपाटं ८, ऑफिस अर्धा. चार रूफरांचा वर्षाचा पगार २,४०,००० डॉलर असेल, तर खऱ्या कोडात प्रीमियम ७२,०००, कपाटांच्या कोडात १९,२००. फरक ५२,८०० डॉलरचा. वर्षाला १० लाखांचं काम करणाऱ्या कंपनीच्या टेंडरात हे पाच टक्क्यांहून जास्त झाले. एवढ्याच फरकानं कामं मिळतात आणि हातची जातात. म्हणजे खोटा कोड लावणारा फक्त विमा कंपनीला फसवत नाही. खरा पगार, खरा कोड दाखवणाऱ्या शेजारच्या कंत्राटदाराचं काम तो हिसकावतो. मला या प्रकाराचा सर्वांत जास्त राग येतो तो इथे, कारण प्रामाणिक माणूस धंद्यातून आधी बाहेर फेकला जातो.

आता यातले प्रकार. कोड चुकीचा लावणं हा एक. पगार दडवणं हा दुसरा: अर्धा चेकनं, अर्धा रोख. तिसरा कामगाराला १०९९ देऊन ‘तू स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणणं. कॅलिफोर्नियात चौथाही आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तिथे बांधकामाच्या अनेक कामांना दोन-दोन कोड आहेत, ताशी मजुरीनुसार. सुतारकीसाठी ५४०३ आणि ५४३२, छपरासाठी ५५५२ आणि ५५५३. ठरलेल्या मजुरीपेक्षा जास्त मिळवणाऱ्या अनुभवी माणसाचा कोड बराच स्वस्त असतो. मग काही मालक तास कमी दाखवतात. ४० तास, ३० डॉलरनं १,२०० झाले, तर कागदावर ३० तास, ४० डॉलरनं लिहायचं. रक्कम तीच, चेक तोच, कोड मात्र स्वस्त. यात ओव्हरटाइमही गिळला जातो, म्हणजे मजुरीचोरीचा वेगळा गुन्हा त्यात आपोआप येतो. हे सापडतं कसं? फोरमनचे सकाळचे मेसेज, साइटच्या गेटची नोंद, ट्रकचा जीपीएस आणि चाळीस-पन्नास तास राबलेल्या माणसाची साक्ष. मजुरीच्या सीमा ब्युरो वेळोवेळी बदलते. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी चालू आकडा एजंटकडून लेखी घ्या.

१०९९चा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण ‘त्यानंच सही केलीय’ हा समज पक्का असतो. करारावरच्या सहीनं काही ठरत नाही. कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या डायनामेक्स निकालानंतर आणि २०२०पासून लागू झालेल्या एबी ५ कायद्यानुसार माणूस कर्मचारीच धरला जातो. नाही असं म्हणायचं तर मालकानं तीन गोष्टी सिद्ध करायच्या: काम करताना त्याच्यावर तुमचा ताबा नाही, त्याचं काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे, आणि त्याच कामाचा त्याचा स्वतःचा स्वतंत्र धंदा आहे. छपराच्या कंपनीचा रूफर दुसऱ्या अटीतच अडकतो. बांधकामातल्या सबकॉन्ट्रॅक्टरसाठी सवलत आहे, पण तिच्या अटी कडक आहेत: लेखी करार, राज्याच्या लायसन्स बोर्डाचं म्हणजे सीएसएलबीचं लायसन्स, धंद्याची वेगळी जागा, माणसं ठेवण्याचा-काढण्याचा अधिकार, चुकीच्या कामाची आर्थिक जबाबदारी. लायसन्स लागणारं काम बिनलायसन्सच्या माणसाकडून करून घेतलं, तर लेबर कोडचं कलम २७५०.५ त्याला तुमचा कर्मचारी मानतं.

न्यूयॉर्कमध्ये बांधकामासाठी २०१०चा फेअर प्ले अ‍ॅक्ट आहे. पहिल्या वेळी चुकीच्या वर्गातल्या प्रत्येक कामगारामागे २,५०० डॉलरपर्यंत दंड, पुढे ५,०००पर्यंत. न्यू जर्सीतही अशीच तीन अटींची कसोटी आहे, आणि कामगार खातं काम बंद करण्याचा आदेश देऊ शकतं. एडिसन आणि आसपास घरदुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या मराठी मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं. फ्लोरिडात बांधकामात एक जरी कामगार असला तरी विमा लागतो; इतर धंद्यांत ही अट चार कामगारांपासून लागते.

कॅलिफोर्नियातल्या शिक्षा अशा. जाणूनबुजून १०९९ केलं तर लेबर कोडच्या कलम २२६.८ खाली प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० ते १५,००० डॉलर, सवय असल्याचं दिसलं तर १०,००० ते २५,०००. प्रीमियम कमी व्हावा म्हणून खोटं निवेदन केलं, तर इन्शुरन्स कोडचं कलम ११७६० लागतं: पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा ५०,००० डॉलर आणि घोटाळ्याच्या दुप्पट यांतला जो जास्त तो दंड, किंवा दोन्ही. सल्ला देणारा माणूस यातल्या कशाचीही सही करत नाही. अर्जावर आणि ऑडिटच्या कागदावर सही तुमची असते.

अपघात होतो तेव्हा काय घडतं, ते नीट समजून घ्या. पगारावरचा माणूस छपरावरून पडला आणि पॉलिसीत फक्त कपाटांचा कोड आहे, तरी साधारणपणे विमा कंपनी त्याचे उपचार आणि भरपाई देते. पॉलिसी मालकाच्या सर्व कर्मचाऱ्यांना लागू असते. मग कंपनी तुमच्याकडे वळते. इजेच्या अहवालात ‘शिंगल (छपराचे पत्रे) लावताना पडला’ लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीवरून आधीच्या वर्षांची ऑडिटसुद्धा पुन्हा उघडली जाऊ शकतात. पगार दडवला असेल, तर मार कामगाराला बसतो. तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई सरासरी आठवड्याच्या मजुरीच्या दोन तृतीयांश असते. खरी मजुरी १,२०० असेल तर ८०० डॉलर मिळायला हवेत. कागदावर ४५० असतील तर हाती ३०० येतात. पाय मोडलेल्या माणसाला उरलेली मजुरी रोख मिळत होती हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि त्याला १०९९वर टाकून विम्याबाहेरच ठेवलं असेल, तर इस्पितळाचं बिल आधी त्याच्याच नावावर येतं.

मालकाची ढालही तिथे गळून पडते. वर्कर्स कॉम्पचा मूळ सौदा असा आहे, की चूक कोणाचीही असो, कामगाराला भरपाई मिळते, आणि त्या बदल्यात तो मालकावर दिवाणी दावा लावू शकत नाही. कॅलिफोर्नियात विमाच नसेल तर लेबर कोडच्या कलम ३७०६ खाली तो दावा लावू शकतो, आणि कलम ३७०८ खाली मालकाचा निष्काळजीपणा गृहीत धरला जातो. राज्याच्या विमा नसलेल्या मालकांसाठीच्या फंडातून कामगाराला पैसे मिळाले, तरी फंड ते तुमच्याकडून वसूल करतो. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, केली म्हणून हे सगळं टळतं असं समजू नका.

मॉडचा फटका फार कमी लोकांना दिसतो. मॉड म्हणजे तुमचे प्रत्यक्ष क्लेम आणि तुमच्यासारख्या कंपनीचे अपेक्षित क्लेम यांची तुलना. साधारण तीन वर्षांची आकडेवारी धरतात, अगदी अलीकडचं वर्ष सोडून. अपेक्षित आकडा पगार आणि क्लास कोड यांवरून निघतो. समजा तीन वर्षांचा पगार ७,२०,००० आहे, आणि अपेक्षित नुकसान छपरासाठी दर शंभरी १२, कपाटांसाठी ३. खऱ्या कोडात अपेक्षित नुकसान ८६,४०० निघतं, खोट्या कोडात २१,६००. आता ६०,००० डॉलरचा एक क्लेम आला. खऱ्या कोडात तो अपेक्षेच्या आतच बसतो. खोट्या कोडात तोच जवळजवळ तिप्पट होतो. प्रत्यक्ष सूत्र मोठ्या क्लेमला थोडं बोथट करतं, पण दिशा हीच. मॉड एकाच्या वर गेला की मोठे जनरल कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला टेंडर भरण्याच्या यादीतूनच वगळू शकतात.

ऑडिटर काय पाहतो? पॉलिसी सुरू होते अंदाजावर. संपल्यावर खरा पगार तपासून हिशेब मिटतो. मागितलं जातं ते असं: पगारपत्रक, आयआरएसचा (केंद्रीय कर खात्याचा) त्रैमासिक फॉर्म ९४१, कॅलिफोर्नियात ईडीडीला, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याला, दिलेला पगाराचा अहवाल डीई ९सी, जनरल लेजर, चेकची नोंदवही, सर्व १०९९ आणि सबकॉन्ट्रॅक्टरांची विम्याची सर्टिफिकेटं. सी-३९ लायसन्सच्या रूफिंग कंत्राटदाराचं ऑडिट कॅलिफोर्नियात दरवर्षी प्रत्यक्ष भेट देऊन होतं, ते कायद्यानंच सक्तीचं आहे. खोट लपत नाही अशा जागा ठरलेल्या आहेत. पुरवठादाराच्या बिलांत शिंगल आणि त्याखालच्या अस्तराचे (अंडरलेमेंटचे) ढीग, पण पगारपत्रकात एकही रूफर नाही. व्यक्तीच्या नावानं दर शुक्रवारी गोल रकमेचा चेक. वेबसाइटवर छपरांचे फोटो आणि पॉलिसीत रंगकाम. ‘ऑफिसातला’ माणूस, पण त्याच्या खर्चात सेफ्टी हार्नेस.

ऑफिसच्या कोडबद्दल एक बारकावा. ८८१० साठी माणूस कामाच्या जागेपासून वेगळ्या केलेल्या ऑफिसात, फक्त कारकुनी करणारा हवा. सकाळी फोन आणि दुपारी साइटवर हात लावणं असेल, तर त्याचा सगळा पगार साइटच्या कोडात जातो. इथे वाटणी चालत नाही. सुपरवायझरच्या ५६०६चंही तसंच. हा कोड अशा माणसाचा, जो फोरमनमार्फत देखरेख करतो. जो स्वतः टोळीला कामाला लावतो तो फोरमन, आणि तो टोळीच्या कोडात. दहा माणसांच्या कंपनीत खरा ५६०६ क्वचितच सापडतो.

सबकॉन्ट्रॅक्टरचं सर्टिफिकेट नसेल तर त्याचा प्रीमियम तुमच्या बिलात लागतो. एनसीसीआयचे नियम चालतात तिथे, त्याची पगाराची नोंद मिळाली नाही, तर नुसत्या मजुरीच्या कामात कंत्राटाच्या किमान ९० टक्के रक्कम पगार धरतात. माल आणि मजुरी दोन्ही असेल तर ५० टक्के, आणि चालकासह यंत्र असेल तर एक तृतीयांश. बिनविम्याच्या टोळीला मजुरीचे ८०,००० दिलेत, तर ७२,००० पगार धरला जाईल. वरच्या ढोबळ दरानं २१,६०० डॉलर. वर्षअखेरीस हे बिल आलं की धक्का बसतो.

म्हणून सर्टिफिकेट फाइलला लावून थांबू नका. नाव करारातल्या आणि चेकवरच्या नावाशी जुळतं का बघा. तारखा कामाच्या सर्व दिवसांना पुरतात का बघा. मग पॉलिसी चालू आहे का, हे डब्ल्यूसीआयआरबीच्या ऑनलाइन शोधात किंवा थेट विमा कंपनीकडे तपासा, आणि सीएसएलबीवर लायसन्सही. न्यूयॉर्कमध्ये परमिटसाठी नेहमीचं अकॉर्ड सर्टिफिकेट चालत नाही, सी-१०५.२ हा फॉर्म लागतो, राज्याच्या फंडाची पॉलिसी असेल तर यू-२६.३. एक धोक्याची खूण: लहानशी नवी कंपनी, एकदम स्वस्त कोडाची छोटी पॉलिसी, आणि तुम्ही मात्र तिला लाखो डॉलर देताय. फ्लोरिडात अशा नामधारी कंपन्यांचं सर्टिफिकेट भाड्यानं देऊन, चेक वटवणाऱ्या दुकानांतून रोख काढून मजुरी वाटण्याचे प्रकार इतके वाढले, की केंद्रीय अर्थखात्याच्या फिनसेन या विभागानं ऑगस्ट २०२३मध्ये बँकांना त्याबद्दल खास सूचना काढली.

आता प्रीमियम खरोखर कुठे कमी होतो. बांधकामात एकाच माणसाचा पगार दोन बांधकाम कोडांत विभागता येतो, पण कामाच्या दिवशीच लिहिलेल्या टाइमकार्डवरून. कार्डावर तारीख, साइट, कामाचा प्रकार, तास आणि सही हवी. सोमवारी सहा तास छप्पर, दोन तास आतली पट्टीकामं, असं. वर्षअखेरीस ‘साधारण ६०-४०’ असा अंदाज कोणी मानत नाही. नोंद नसेल तर सगळा पगार महागड्या कोडात जातो. तुमच्याकडे दुरुस्ती आणि छप्पर दोन्ही आहे, म्हणून सर्वांत मोठी कायदेशीर बचत इथेच असण्याची शक्यता आहे. ओव्हरटाइमची वेगळी नोंद ठेवा: दीडपट दरानं दिलेल्या रकमेतला एक तृतीयांश भाग बहुतेक राज्यांत प्रीमियमच्या हिशेबातून वगळला जातो. मालक-अधिकाऱ्यांना वगळण्याचे किंवा त्यांच्या पगाराला कमाल मर्यादा लावण्याचे नियम एजंटकडून लेखी समजून घ्या. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि इतर काही राज्यांत जास्त मजुरी देणाऱ्या बांधकाम कंत्राटदारांना सवलत देणारी योजना आहे, पण तिच्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्नियात तेच काम दोन कोडांची पद्धत करते: मजुरी खरोखर वाढवली तर स्वस्त कोड हक्कानं मिळतो. कोड चुकीचा लागलाय असं वाटलं, तर ब्युरोकडे तपासणी मागा. महाग कोड चुकून लागल्याची उदाहरणंही असतात.

क्लेम लहान ठेवणं हाही मार्ग आहे. हार्नेस, अँकर, शिडी बांधणं यांवरचा खर्च आधी करा. जखमी माणसाला डॉक्टरच्या परवानगीनं हलक्या कामावर लवकर घ्या. एनसीसीआयच्या राज्यांत फक्त उपचारांचा, मजुरी न बुडालेला क्लेम मॉडमध्ये ३० टक्केच मोजला जातो. क्लेम दाबून ठेवू नका. दाबलेला क्लेम वकिलामार्फत महाग होऊन परत येतो.

चुकीची मांडणी आधीच सुरू असेल, तर विमा कंपनीला काहीही लिहिण्यापूर्वी या विषयातल्या वकिलाला भेटा, कारण प्रश्न फौजदारीही असू शकतो. मग चालू पॉलिसीतले कोड आणि पगार मुदतीच्या मध्येच दुरुस्त करून घ्या, माणसांना डब्ल्यू-२वर, म्हणजे पगारी कर्मचारी म्हणून, आणा, रोख मजुरी त्याच आठवड्यापासून बंद करा. आयआरएसची स्वेच्छेनं वर्गीकरण सुधारण्याची योजना आहे, फॉर्म ८९५२. ती फक्त केंद्रीय रोजगार करापुरती आहे आणि मागच्या तीन वर्षांचे १०९९ भरलेले असावे लागतात. जुने टाइमकार्ड किंवा मेसेज पुसू नका.

घरमालकांसाठीही एक गोष्ट. फ्रीमाँट-सनीवेलकडे स्वस्तात छप्पर बदलून घेणारे आपले पुष्कळ लोक आहेत. बिनलायसन्सचा, बिनविम्याचा माणूस तुमच्या छपरावरून पडला आणि त्यानं आधीच्या ९० दिवसांत तुमच्याकडे ५२ तास काम केलेलं असलं, तर कॅलिफोर्नियाचा कायदा तुम्हालाच त्याचा मालक ठरवू शकतो.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणी कामगार असेल, किंवा तुमच्या साइटवरच्या माणसापर्यंत हे पोहोचवता येत असेल, तर: कॅलिफोर्नियात इजा झाल्यावर ३० दिवसांच्या आत मालकाला लेखी कळवा. कळवल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात मालकानं डीडब्ल्यूसी-१ हा क्लेम फॉर्म द्यायचा असतो. फॉर्म भरून दिल्यावर क्लेमचा निर्णय होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतचे उपचार मंजूर करावे लागतात. १०९९ मिळत असला तरी फॉर्म भरा. तुम्ही कर्मचारी आहात की नाही हे मालक ठरवत नाही. व्हिसा किंवा कागदपत्रं नसली तरी कॅलिफोर्नियात हा हक्क जात नाही. साइटचे पत्ते, तास आणि मिळालेली रोख रक्कम रोज एका वहीत लिहून ठेवा. मजुरी सिद्ध करताना तीच वही कामी येते.